टू-स्ट्रोक ग्रास कटरचे इंजिन जाम: आंबा-काजूच्या बागेतले एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातली साडेचार एकरांची बाग. वरच्या अंगाला कातळ, मधे हापूसची जुनी कलमे, आणि गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, चार वर्षांपूर्वी लावलेली काजूची कलमे. मालक मुंबईत असतात. बागेची देखरेख गावातले एक काका करतात. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे वगळले आहेत.

बेणणी, म्हणजे बागेतले गवत कापणे, वर्षातून दोनदा. पहिली श्रावणाच्या आगेमागे, गवत गुडघ्याच्या वर गेले की. दुसरी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, मोहोराच्या आधी. पूर्वी हे काम कोयत्याने व्हायचे. माणसे मिळेनाशी झाली तेव्हा मालकांनी खांद्याला पट्ट्याने अडकवायचा ५२ सीसीचा टू-स्ट्रोक पेट्रोल ग्रास कटर घेतला. टाकी सव्वा लिटरची. पुढे नायलॉनच्या दोरीची रीळ किंवा लोखंडी पाते, दोन्ही बसते. यंत्राच्या पुस्तिकेत इंधनाचे प्रमाण २५ ला १ दिलेले आहे, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलात मिसळायचे तेल). यंत्राचा हा चौथा हंगाम होता.

कटर चालवायला गावातलाच एक तरुण येतो. त्याला काम उक्ते दिलेले: अमुक रक्कम, पूर्ण बाग. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

अडचण

आदल्या ऑक्टोबरात बेणणी संपल्यावर यंत्र तसेच मांगरात, बागेतल्या खोपटात, टेकवून ठेवले गेले. टाकी अर्धी भरलेली होती. शेजारी पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, त्यात सुमारे दोन लिटर उरलेले मिश्रण, आणि झाकणातले रबर केव्हाच गेलेले. जूनपासून मांगराच्या दारात पावसाची झड येत होती. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते आणि इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. कोकणात पावसाळ्यात त्याला ओढायला बाष्प कमी नसते.

ऑगस्टच्या सुरुवातीला काम काढले तेव्हा कॅनमधल्या जुन्या मिश्रणातच तीन लिटर नवे पेट्रोल ओतले आणि टूटीच्या बाटलीची दोन झाकणे टाकली. ते झाकण भरते १० मिलीचे. जुन्या दोन लिटरांत आधी २५ ला १ प्रमाणात, म्हणजे जवळपास ८० मिली तेल आहे असे जरी धरले, तरी पाच लिटरांना सगळे मिळून १०० मिली, म्हणजे ५० ला १. पुस्तिकेच्या मानाने निम्मे. तेही कॅनमध्ये सगळे नीट एकजीव आहे असे मानले तर.

पहिल्या दिवशी यंत्र बऱ्याच ओढींनंतर सुरू झाले आणि चोक काढला की लगेच बंद पडू लागले. चालवणाऱ्याने काकांना सांगितले, "चोक काढलो की बंद पडता." काकांनी मुंबईला फोन लावला. मालकांनी विचारले, चोक ठेवून चालते का? चालते म्हटल्यावर, मग आजचा दिवस तसेच चालू द्या, असे ठरले. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. त्या दिवसांत गावात कामाला माणूस मिळत नाही, म्हणून घाई होती.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या चोकवरही स्लोला, म्हणजे रेस न देता, इंजिन दम धरेना, म्हणून चालवणाऱ्याने स्लोचा स्क्रू आवळला. आता रेस सोडली तरी पुढचे कापणारे डोके फिरतच राही. शिवाय रेस सोडल्यावर आवाज पटकन खाली न येता दोन-तीन सेकंद वरच रेंगाळत असे.

तिसऱ्या दिवशी ओल्या, दाट गवतात ताकद कमी पडते म्हणून त्याने चोक पूर्ण काढला आणि रेस दाबून धरली. आवाज एकदम टिपेला गेला, पातळ झाला, मग करकर होऊन इंजिन थांबले. स्टार्टरची दोरी जागची हलेना. अर्ध्या तासाने इंजिन थंड झाल्यावर दोरी सुटली, पण ओढताना पूर्वीचा ताठपणा नव्हता. बाग तेव्हा जेमतेम निम्मी झाली होती.

पहिला निर्णयबिंदू: तापलेले इंजिन चोक का मागते

या प्रकरणातला महाग निर्णय तिसऱ्या दिवशी झाला नाही, तो पहिल्याच दिवशी झाला. चोक ओढला की हवेची वाट अरुंद होते आणि इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. थंड इंजिनाला ते अर्धा-एक मिनिट लागते. गरम झालेले इंजिनही चोकशिवाय चालत नसेल, तर पेट्रोल कमी पोहोचते आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे. तिसरे कारण क्वचितच असते.

चार-स्ट्रोक मोटारसायकलीच्या सवयीने याकडे "जरा कुरकुरते आहे" असे पाहिले जाते. टू-स्ट्रोकमध्ये तसे पाहून चालत नाही, कारण पिस्टनला वंगण पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याने ज्वलन जास्त गरम. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मार बसतो. रेस सोडल्यावर इंजिनाच्या फेऱ्या रेंगाळणे ही त्याच दुखण्याची दुसरी खूण. या दोनपैकी एकही दिसली की यंत्र बंद करायचे, टाकी रिकामी करून ताजे मिश्रण भरायचे, आणि तरीही फरक पडला नाही तर कार्ब्युरेटर उघडायचा. पहिल्या दिवशी हे केले असते तर काम तासाभराचे होते आणि खर्च कार्ब्युरेटरमधल्या डायफ्रॅमच्या (लवचीक पडद्याच्या) एका किटचा.

तपासणी

तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीने आधी प्लग काढला. टोक पांढुरके आणि कोरडे होते. निरोगी इंजिनात ते बदामी-चॉकलेटी असते. मग सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून धूर बाहेर पडतो त्या खिडकीतून पिस्टन पाहिला. धुराच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, रिंग एका जागी खाचेत चिकटलेली. सिलिंडर काढल्यावर पिस्टनची कार्ब्युरेटरकडची बाजू मात्र गुळगुळीत निघाली. हा फरक बघण्याजोगा आहे. हवेच्या फिल्टरातून धूळ आत गेली तर आधी कार्ब्युरेटरकडची बाजू घासली जाते. तेलाची टंचाई किंवा पातळ मिश्रण असेल तर धुराची बाजू पकडते, कारण सगळ्यात जास्त तापते तीच. म्हणजे फिल्टर मळका होता तरी दोष त्याचा नव्हता.

टाकीतले इंधन मिस्त्रीने रिकाम्या काचेच्या बाटलीत ओतून दुकानाच्या खिडकीत ठेवले. वीसेक मिनिटांत दोन थर दिसू लागले: वर तेलाच्या रंगाने निळसर झालेले पेट्रोल, तळाशी दोन बोटे गढूळसर, बिनरंगाचा थर. तळाचा थर म्हणजे पाणी आणि इथेनॉल. टूटी ऑइल पेट्रोलात विरघळते, त्या थरात फारसे उतरत नाही. आणि टाकीतली इंधन ओढणारी नळी, तिच्या टोकाचा वजनदार फिल्टर, नेमका तळाशी पडलेला असतो. इंजिनाला मधूनमधून बिनतेलाचा घोट मिळत होता.

कार्ब्युरेटरमध्ये आत शिरतानाची बारीक जाळी मधासारख्या चिकट थराने निम्मी बुजलेली होती. पेट्रोल मोजून सोडणारा मापकाचा डायफ्रॅम बोटाने दाबला तर ताठ लागे. तो मऊ कापडासारखा वाकायला हवा. कार्ब्युरेटरमधल्याच पंपाच्या डायफ्रॅमच्या पाकळ्या वळल्या होत्या. टाकीत शिरते त्या जागी इंधनाची नळी कडक होऊन तिला केसभर चीर गेली होती, आणि त्यातून पेट्रोलबरोबर हवाही ओढली जात होती.

शेवटची गोष्ट यंत्राच्या दुसऱ्या टोकाला सापडली. गार्ड, म्हणजे कापणाऱ्या डोक्यावरचे आडोशाचे झाकण, नव्हता. ओले गवत गार्डमध्ये अडकते, दर पाच मिनिटांनी थांबून ते काढावे लागते, म्हणून तो पहिल्याच हंगामात काढून मांगरात टाकलेला. गार्डला एक छोटे पाते असते. ते नायलॉनची दोरी ठरावीक लांबीला आपोआप छाटते. ते नसल्याने दोरी दोन्ही बाजूंना वीतभर जास्त बाहेर राहत होती. एका फेरीत जास्त गवत कापले जाते म्हणून चालवणाऱ्याला हे सोयीचे वाटते. इंजिनाला मात्र पूर्ण रेस देऊनही आपल्या फिरण्याच्या फेऱ्या गाठता येत नाहीत, क्लच घसरतो, आणि थंड हवा देणारा पंखा फ्लायव्हीललाच असल्याने फेऱ्या कमी म्हणजे गारवाही कमी. जांभ्या दगडाचे खडे नडग्यांवर बसतात ते वेगळेच. काम उक्ते असेल तर माणूस वेग वाढवणारच. यात दोष त्याच्यापेक्षा व्यवहाराचा आहे.

पर्याय

पहिला पर्याय फक्त पिस्टन आणि रिंग बदलण्याचा. सर्वांत स्वस्त. पण सिलिंडरच्या भिंतीवरही पिस्टनचे ॲल्युमिनियम चिकटले होते. ते बारीक पॉलिश पेपरने निघते, मात्र आतला कठीण थर शाबूत असेल तरच अशा सिलिंडरमध्ये नवा पिस्टन टिकतो. इथे धुराच्या खिडकीच्या कडेला थर सोलवटल्यासारखा दिसत होता, नखाला खाच लागत होती.

दुसरा, सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण संच आणि सोबत कार्ब्युरेटर, नळ्या, फिल्टर. मजुरीसह अंदाज ३,४०० रुपये.

तिसरा, याच जातीचे नवे यंत्र, साडेअकरा हजारांचे. नवे यंत्र त्याच कॅनमधले मिश्रण प्याले असते, हे विसरता येत नव्हते.

चौथ्यावर मालकांचा ओढा जास्त होता: ३५ सीसीचे चार-स्ट्रोक यंत्र. त्यात तेल वेगळ्या कप्प्यात, साधारण १०० मिली, पेट्रोलात काही मिसळायचे नाही. पाणी उतरलेले पेट्रोल गेले तर ते बंद पडेल, पण वंगणाअभावी जाम होणार नाही. हा फायदा खरा आहे. उलट बाजूला किंमत दुपटीहून जास्त, व्हॉल्व्हची फट अधूनमधून तपासावी लागते, दर वेळी तेलाची पातळी पाहावी लागते, आणि कार्ब्युरेटर डायफ्रॅमचाच असल्याने शिळ्या पेट्रोलाने तोही तसाच बुजतो. इंधन सांभाळण्याची सवय नसेल तर चार-स्ट्रोकने दुखणे सौम्य होते, जात नाही.

पाचवा, उरलेली बाग यंत्रासकट येणाऱ्या माणसाकडून रोजावर करून घेणे.

काय केले

दोन पर्याय एकत्र केले. काजूची कलमे आणि वाटेकडचा भाग दोन दिवस बाहेरच्या माणसाकडून करून घेतला, कारण गणपतीआधी तेवढे होणे गरजेचे होते. यंत्राचा पूर्ण संच बदलायचे ठरले.

इथे दुसरा निर्णयबिंदू आला. मिस्त्री कार्ब्युरेटर धुऊन परत बसवायला तयार होता. त्यात साडेसहाशे वाचत होते. जुना डायफ्रॅम ताठ आहे हे डोळ्यांनी दिसत असताना नव्या पिस्टनवर तोच कार्ब्युरेटर बसवणे म्हणजे आजार ठेवून रोगी बदलण्यासारखे झाले असते. काकांनी नवाच घालायला सांगितले, आणि दुरुस्तीतला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

काम या क्रमाने झाले. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात, ॲल्युमिनियमचा चुरा राहू नये म्हणून तो ताज्या मिश्रणाने तीनदा खळबळून ओतला. क्रँकच्या बेअरिंगला हाताने वर-खाली हलवून ढिलाई पाहिली, नव्हती. पिस्टनवरचा बाण धुराच्या बाजूला, रिंगेचे तोंड खाचेतल्या पिनेवर, गजन पिनेच्या दोन्ही क्लिपा नव्या. पिस्टन आणि सिलिंडरला बोटाने टूटी ऑइल लावून सिलिंडर हळूच खाली बसवला. रिंग अडली तर जोर द्यायचा नाही, उचलून पुन्हा. तळाचे गॅस्केट नवे, बोल्ट समोरासमोरचे, दोन टप्प्यांत आवळलेले.

यानंतर हवेची गळती तपासली. दुकानात त्यासाठी वेगळे उपकरण नव्हते. सिलिंडरच्या धुराच्या आणि कार्ब्युरेटरकडच्या दोन्ही खिडक्यांवर रबराचा तुकडा दाबून बोल्ट लावले, पिस्टन खालच्या टोकाला आणला आणि प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने जेमतेम अर्धा बार दाब दिला. सगळ्या सांध्यांवर आणि क्रँकच्या दोन्ही सीलवर साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले नाहीत. सील गळत असता तर नवा कार्ब्युरेटर घालूनही मिश्रण पातळच राहिले असते. ही तपासणी बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि दुरुस्त केलेले इंजिन महिन्याभरात पुन्हा पकडते त्याचे एक कारण हेच असते.

प्लग नवा, फट ०.६ मिलिमीटर. नव्या कार्ब्युरेटरच्या मिश्रणाच्या स्क्रूला हात लावला नाही. फक्त स्लो जुळवला: रेस सोडल्यावर इंजिन शांत चालावे आणि पुढचे डोके स्थिर राहावे. डोके फिरत असेल तर स्लो जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. गिअरच्या डोक्यावरचा बोल्ट उघडून लिथियम ग्रीस भरले. ते आत जवळपास कोरडे होते. दर वीस-पंचवीस तासांनी भरायला हवे.

गार्ड शोधून बसवला. पहिल्या चार टाक्या हलक्या गवतात, पूर्ण रेस सतत न धरता, २५ ला १ ताज्या मिश्रणावर चालवल्या.

निष्पत्ती

एकूण खर्च दुरुस्तीचा ३,३७० रुपये आणि दोन दिवसांचा रोज वेगळा. ऑक्टोबरची बेणणी याच यंत्राने पूर्ण झाली. शेवटी प्लग काढून पाहिला तेव्हा टोक चॉकलेटी होते, म्हणजे मिश्रण जागेवर.

ऑक्टोबरात गवत निघाल्यावर आणखी एक नुकसान उघडे पडले. काजूच्या तीन कलमांच्या बुंध्याशी साल गोल सोलली गेली होती. लांब सुटलेल्या दोरीचे काम. काजूच्या बुंध्याला जखम झाली की खोडकिडा तिथे अंडी घालतो, म्हणून नुसती साल गेली इतक्यावर हे थांबत नाही. जखमा साफ करून बोर्डो मलम लावला: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या प्रमाणात. दोन कलमे सावरली. एक पुढच्या उन्हाळ्यात सुकले.

वेगळे काय करता आले असते

इंधनाचा कॅन हा खरा गुन्हेगार, आणि त्याचा बंदोबस्त फुकट आहे. मिश्रण एका वेळी एक-दोन लिटरच करावे. तेल झाकणाने न मोजता औषधाच्या मापाने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मोजावे. कॅनवर चिकटपट्टी लावून तारीख लिहावी. महिन्याहून जुने मिश्रण यंत्रात घालू नये, आणि त्यात नवे पेट्रोल ओतून "ताजे" तर मुळीच करू नये. शंका आली तर पारदर्शक बाटलीत अर्धा तास ठेवावे. तळाशी थर दिसला तर सगळे बाद. वरचे ओतून घेऊन वापरण्याचा मोह होतो, पण त्यातले इथेनॉल खाली उतरलेले असल्याने वरच्या पेट्रोलची प्रतही बदललेली असते.

हंगाम संपल्यावर यंत्र नीट ठेवून देण्याची तयारी या बागेत कधीच झाली नव्हती. ती अशी: टाकी रिकामी करायची, मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. प्रायमरचा (हाताने पेट्रोल ओढायचा) रबरी फुगा दाबून उरलेले थेंब काढायचे. प्लग काढून भोकात चमचाभर टूटी ऑइल, दोरी दोन-तीनदा हळू ओढायची, प्लग परत. हवेच्या फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलाचा हात लावून ठेवायचा. यंत्र जमिनीवर न टेकवता खुंटीला. अर्ध्या तासाचे काम. नायलॉनची दोरीही वर्षभर कोरड्या जागी राहिली तर ठिसूळ होते. वापराच्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवली की लवचीक होते आणि कमी तुटते.

गार्डचा प्रश्न इतका सरळ नाही. ओल्या गवतात तो तुंबतो हे खरेच आहे, आणि "गार्ड लावा" एवढे सांगून चालवणारा ऐकत नाही. बागेत पुढच्या वर्षी दोन बदल केले. उंच गवत एकदम बुडाशी न कापता आधी निम्म्यावर, मग बुडाशी, अशा दोन फेऱ्यांत कापायचे. गुंडाळणे बरेच कमी होते. मोकळ्या मधल्या भागात गार्डसह तीन दातांचे पाते लावायचे आणि गडग्याजवळ व दगडांत नायलॉन. पाते वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून उजवीकडून डावीकडे कापायचे, कापलेले गवत डाव्या हाताला मोकळ्या जागेत पडते. पात्याच्या उजव्या-पुढच्या भागाने खुंट किंवा दगड मारला की यंत्र झटक्याने उजवीकडे फेकले जाते. पात्याचा नट उलट आट्यांचा असतो, तो सोडवताना नेहमीच्या दिशेने जोर लावून बरेच जण आटे घालवतात. पंधरा मीटरच्या आत दुसरे कुणी नको, आणि डोळ्यांवर जाळीचा नव्हे तर प्लास्टिकचा चष्मा, कारण जांभ्याचा चुरा जाळीतून आत येतो.

काजूच्या प्रत्येक कलमाभोवती हातभर अंतर कोयतीने साफ करायचे, तिथे यंत्र न्यायचे नाही. हे वेगळे काम, त्याची मजुरीही वेगळी.

आणि व्यवहार: काम उक्ते न देता रोजावर दिले, वर एका टाकीनंतर दहा मिनिटे यंत्र थंड करण्याची मुभा पैशांत धरली. बेणणीला एक दिवस जास्त लागला. मालकांना तो सुरुवातीला खटकला, पण काकांनी मिस्त्रीचे बिल फोनवर वाचून दाखवल्यावर रोजाचा हिशेब तसाच राहिला.